मिशनच्या शाळेतला डबा

मार्च-एप्रिल आला की आमच्या घरी संध्याकाळी माणसे येऊ लागतात. आम्ही पेशाने कारकून, बी.कॉम. झालेले, अक्षर बरे. त्यामुळे मुळशी तालुक्यातल्या आमच्या भागात कुणाला जातीचा दाखला काढायचा असो, कुणाला फी माफीचा अर्ज द्यायचा असो, "भाऊ, एवढं लिहून द्या" म्हणत माणूस दारात येतो. पूर्वी हे अर्ज बहुतेक रेशनकार्डाचे आणि घरकुलाचे असत. अलीकडे दहापैकी चार-पाच शाळेचे असतात, आणि त्यांतही एक मागणी ठरलेली असते. "पोरीला पुण्यात मिशनच्या शाळेत घालायचंय."

आई-बाप पिरंगुटच्या कंपन्यांत कंत्राटी कामाला, नाहीतर भूगाव-भुकूमच्या सोसायट्यांत धुण्याभांड्याला आणि वॉचमनकीला. ज्यांच्या घरी काम करतात त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. आपल्याही मुलाने तसे फाडफाड इंग्रजी बोलावे, ही इच्छा वाईट नाही. पौडजवळच्या टेकडीवर १९९७ पासून जगभरातल्या मुलांचे एक मोठे कॉलेज आहे. तालुक्यातली माणसे तिथे माळीकाम आणि स्वयंपाक करतात, पण त्यांची पोरे मात्र खालच्या रस्त्याने शाळेला जातात. त्यामुळे शिक्षणाचे महत्त्व आमच्या लोकांना पटवून द्यावे लागत नाही. ते रोज समोर दिसते.

आज आम्ही लिहिणार आहोत ते प्रवेश मिळाल्यानंतरच्या गोष्टीबद्दल. मूल त्या शाळेत गेले, युनिफॉर्म शिवला, फोटो काढला, नातेवाइकांना पेढे वाटले. पुढे दिवसभर ते मूल तिथे कसे राहते?

आधी थोडे या शाळांविषयी. आपल्याकडे क्रॉस दिसला की सगळ्याच शाळांना मिशनची शाळा म्हणतात. कॉन्व्हेंट म्हणजे बहुधा रोमन कॅथलिकांची. जोतिराव फुले पुण्यात ज्या मिशन शाळेत शिकले ती स्कॉटिश मिशनची. इंग्लंडच्या सरकारमान्य चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या शाळा या तिसऱ्या. पुण्यात लष्कर भागात १८६४ साली सुरू झालेली बिशप्स आणि १८६६ सालची सेंट मेरीज या त्या परंपरेतल्या जुन्या शाळा. त्या प्रामुख्याने गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांसाठी निघाल्या. त्याच चर्चचे गुरुवार पेठेत पंचहौद मिशन होते. तिथे पवित्र नाम देवालय उभे राहिले आणि तिथल्या शाळा नि वसतिगृहे मराठी बोलणाऱ्या गोरगरिबांच्या मुलांसाठी होती. देव एक, चर्च एक, पण लष्करातली शाळा वेगळी आणि पेठेतली वेगळी! ही गोष्ट आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९७० साली नागपूरला 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले आणि इकडचे अँग्लिकन चर्च त्यात विलीन झाले. आता या शाळा इंग्लंडच्या राहिल्या नाहीत. कारभार आपल्याच लोकांच्या हाती आहे.

पंचहौदाचे नाव निघाले की १८९० सालच्या चहाची आठवण निघतेच. रानडे, टिळक यांच्यासारखी मोठमोठी मंडळी तिथे मिशनच्या कार्यक्रमाला गेली, चहा घेतला, आणि त्या कपभर चहावरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे प्रायश्चित्ते झाली. शिकल्या-सवरलेल्या पुण्यात कुणी कुणाकडचे काय खाल्ले-प्याले याला केवढी किंमत होती, ते यावरून कळते. आमचा विषयही अखेर खाण्यापाशीच येणार आहे, म्हणून हे सांगितले.

याच मिशनशी संबंधित वाँटेजच्या भगिनींच्या ओळखीने १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. रमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहून गेले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकल्या आणि शिकवलेही. हे पुष्कळांना माहीत असते. माहीत नसते ते एवढेच, की ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी तिथे मांस-मासे तर सोडाच, अंडेही खाल्ले नाही. तिथल्या भगिनींना हा हट्ट वाटे. त्यांची पत्रे १९७७ साली मुंबईत पुस्तकरूपाने छापली गेली, त्यांत आपले पटेल तेवढेच मानणारी ही बाई आपल्या उपकारकर्त्यांशीही किती नेटाने वाद घालत होती ते दिसते. पण आनंदीबाई? परक्या देशात आपल्याला जबरदस्तीने बाटवतील, या भीतीने तिचे मन बिघडले आणि काही महिन्यांतच तिने स्वतःचा जीव संपवला. रमाबाई टिकल्या आणि इतिहासात राहिल्या. आनंदीबाईचे नावही कुणी घेत नाही. दोघी एकाच छपराखाली राहत होत्या, दोघींवर माया करणारी माणसे तीच होती. एक निभावली, एक नाही. निभावणाऱ्या मुलीकडे पाहून आपण शाळा चांगली म्हणतो.

आता आमच्या वस्तीतली गोष्ट. मुलीचे नाव लिहीत नाही. शाळेचेही लिहीत नाही, आणि वर ज्या शाळांची नावे आली त्यांतलीच ही असावी असा तर्कही कुणी करू नये.

मुलगी चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गात पहिली-दुसरी. बाप टेम्पो चालवतो, आई कंपनीत पॅकिंगला. पाचवीला पुण्यात चर्चच्या इंग्रजी शाळेत नंबर लागला, निम्मी फी माफ झाली. अर्ज आम्हीच लिहिला होता, त्यामुळे पेढा आम्हालाही मिळाला. पहाटे साडेचारला आई उठायची, डबा करायची. पावणेसहाची बस. चांदणी चौकात २०२३ साली नवा पूल झाला तरी सकाळची गर्दी काही हटली नाही. पुढे दुसरी बस. शाळा सुटून घरी यायला चार वाजत. अकरा वर्षांचे मूल रोज दहा तास घराबाहेर, त्यातले तीन तास बसमध्ये, तेही निम्मा वेळ उभे.

पहिले वर्ष बरे गेले. सहावीच्या दिवाळीनंतर पोटदुखी सुरू झाली. रविवारी पोट दुखत नसे, सुट्टीत दुखत नसे. सोमवारी पहाटे मात्र पोर पोट धरून बसे. डॉक्टर झाले, जंताचे औषध झाले, सोनोग्राफीला बाराशे रुपये गेले. काही निघाले नाही. मार्क घसरले. बोलणारी मुलगी गप्प झाली. मग तिच्या आईने तिला आमच्याकडे आणले. "भाऊ, तुम्हीच चार शब्द सांगा. तुमचं ऐकंल."

आम्ही चार शब्द सांगितले, आणि ते काय सांगितले हे कबूल करणे भाग आहे. आम्ही म्हणालो, बाळ, बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसवीत, शिपाई नसला तर पाणीसुद्धा मिळत नसे, तरी ते शिकले. तुला तर बेंच आहे, फिल्टरचे पाणी आहे. रडायचे नाही. मुलीने मान डोलावली आणि ती घरी गेली. आम्हाला वाटले, पोरगी समजूतदार आहे, काम झाले.

काम झाले नव्हते. ज्या माणसाने आपल्या लेकरांच्या वाट्याला असले दिवस येऊ नयेत म्हणून आयुष्य झिजवले, त्याचेच नाव घेऊन आम्ही एका लेकराचे तोंड बंद केले होते. आपल्या घराघरांत हे होते. बाबासाहेबांचे हाल मुलाला धीर देण्यासाठी सांगायचे, की गप्प करण्यासाठी, याचा विचार आम्ही त्या दिवसापर्यंत कधी केला नव्हता.

खरे कारण कळले ते डब्यावरून. एके दिवशी आईने डबा उघडला तर भाकरी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. आई रागावली नाही. तिने फक्त विचारले, "डबा कुठं बसून खातीस?" पोर म्हणाली, "जिन्याखाली." आणि मग रडायला लागली ती तासभर.

झाले होते असे. फी माफी असलेल्या मुलांची नावे कार्यालयातून वर्गात वाचायला येत. "अमुक अमुक, उद्या पालकांची सही आणा." वर्गातल्या तिघीचौघींनी तिचे नाव 'फ्री' पाडले. डब्यात सुकटाची चटणी आणि भाकरी. शेजारच्या मुलींनी नाक धरले, मग बाक सरकवला. बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना त्यांना गुरुजींनी फळ्यापाशी बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला सवर्ण मुले धावली होती, ही हकिकत त्यांच्या चरित्रात आहे. आता डबे कुणी उचलत नाही. डबा खाणारीच उठून जिन्याखाली जाते. भर म्हणून सकाळच्या प्रार्थनेचा घोळ होता. हात जोडायचे की नाही, डोळे मिटायचे की नाही, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. एकदा ती नुसती उभी राहिली म्हणून एका बाईंनी सर्वांसमोर ओरडल्या. घरी वंदना, शाळेत प्रार्थना. दोन्हींबद्दल तिला काही वावडे नव्हते, भीती होती ती चुकण्याची.

ती जिन्याखाली बसते हे त्या शाळेत एकाच व्यक्तीला माहीत होते. झाडलोट करणाऱ्या मावशींना. त्या तिला म्हणत, "बाय, खाऊन घे, मी हाय हितं." पण त्यांना कुणी विचारले नाही आणि त्यांनी होऊन कुणाला सांगितले नाही. आपली नोकरी कंत्राटी, आपण कशाला बोला!

मुलीचे आई-बाप आणि आम्ही असे तिघे शाळेत गेलो. बाप बाहेरूनच म्हणत होता, "भाऊ, भांडण नको, पोरीला काढतील." आम्ही भांडायला गेलो नव्हतो. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी सांगितले की आमच्या शाळेत जातपात पाळली जात नाही, सर्व मुले देवाची लेकरे. आम्ही म्हणालो, बाई, तसे असेल, पण माफीवाल्यांची नावे वर्गात वाचली जातात ना? त्या थांबल्या. कारकुनाला बोलावले. तो म्हणाला, पहिल्यापासून अशीच पद्धत आहे. आम्ही स्वतः कारकून असल्यामुळे त्याचा आम्हाला राग आला नाही. पहिल्यापासूनची पद्धत म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक आहे. कुणाचे वाईट व्हावे असे त्याच्या मनात नव्हते, आणि दर महिन्याला एका पोरीचे वाईट होत होते.

प्रार्थनेचा विषय निघाला तेव्हा बाईंनी प्रवेशाचा फॉर्म काढून दाखवला. त्यात बारीक अक्षरांत ओळ होती, की शाळेच्या सर्व दैनंदिन कार्यक्रमांत पाल्याने भाग घेण्यास आमची संमती आहे. खाली बापाची सही. फॉर्म भरला कुणी? आम्ही! वीस वर्षे लोकांचे कागद लिहितो आणि ती ओळ आम्ही न वाचता सही करायला बोट दाखवले होते.

संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये हेच लिहिले आहे. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. ७ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या विषयावर चर्चा झाली, तिला उत्तर देताना बाबासाहेब स्वतः बोलले. म्हणजे संमती मागण्याचा मान त्यांनी आमच्या हाती ठेवला होता, आणि तो आम्ही डोळे झाकून सहीखाली घातला. मुलीच्या आईने मात्र तिथे फार नीट सांगितले. "प्रार्थनेला उभी राहू द्या बाई, आमची हरकत नाही. हात नाही जोडले तर ओरडू नका." बाईंनी ते लिहून घेतले.

दुसऱ्या महिन्यापासून नावे वाचणे बंद झाले. चिठ्ठी पाकिटातून घरी येऊ लागली. वर्गशिक्षिका आठवड्यातून दोन दिवस मुलींबरोबर डबा खायला बसू लागल्या. सगळे एका दिवसात निवळले असे नाही. 'फ्री' म्हणणारी एक मुलगी अजून म्हणते. पण पोटदुखी थांबली.

इंग्लंडात या शाळा कशा चालतात हे आम्हाला आमच्या साडूंच्या मुलाकडून कळले. तो नोकरीच्या निमित्ताने तिकडे असतो आणि त्याची मुलगी चर्च ऑफ इंग्लंडच्या माध्यमिक शाळेत शिकते. अशा शाळा तिथे साडेचार हजारांहून अधिक आहेत, बहुतेक प्राथमिक, माध्यमिक थोड्या, आणि त्यांत मिळून सुमारे दहा लाख मुले शिकतात. खर्च मुख्यतः सरकारचा, फी नाही. सकाळी प्रत्येक मूल आधी आपल्या ट्यूटरसमोर हजेरी लावते. हा शिक्षक विषय शिकवण्यापुरता नसतो, वीस-पंचवीस मुलांची खुशाली पाहणे हे त्याचे नेमून दिलेले काम. रोज सामुदायिक उपासना असते, पण पालकाने लेखी कळवले की मुलाला त्यातून वगळावेच लागते. १८७० पासून या ना त्या रूपात तिथल्या कायद्यात ही सोय आहे. मुलांच्या दांडगाईला आळा घालण्याचे लेखी धोरण सरकारी शाळांत २००६ च्या कायद्याने सक्तीचे आहे. पण आम्हाला सर्वांत आवडली ती जेवणाची पद्धत. गरीब मुलांना जेवण मोफत. जेवण घेताना प्रत्येक मूल एकच कार्ड लावते, किंवा अंगठा. कुणाचे पैसे घरून भरले आणि कुणाचे सरकारने, हे मागे उभ्या असलेल्या मुलाला कळत नाही. एवढीशी गोष्ट! पण तिचा विचार कुणीतरी बसून केलेला आहे.

तिकडे सगळे आलबेल आहे असेही कुणी समजू नये. चर्चशी संबंधित शिबिरांत मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाचे प्रकरण वर्षानुवर्षे दाबले गेले, आणि त्यावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. धर्म कोणताही असो, मोठ्यांची अब्रू आणि मुलाचे रडणे यांत अब्रू जिंकते.

आपल्याकडेही नियम आहेत, पण ते वस्तीपर्यंत पोहोचत नाहीत. आम्ही शाळेत गेलो तेव्हा नव्हता, पण जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक शिकलेला समुपदेशक हवा, मदतीचे फोन नंबर ठळक लावलेले हवेत, आणि वंचित समाजातून आलेल्या मुलांशी कसे वागावे याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायला हवे. महाराष्ट्रात मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' नेमायची आहे. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात पालकांपैकी कोण आहे, हे विचारायला पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे नंबर चालू आहेत, दोन्ही फुकट.

पंचवीस टक्के जागांचे मात्र नीट समजून घ्या, कारण त्यासाठी आमच्याकडे दरवर्षी हेलपाटे होतात. शिक्षण हक्क कायद्यातल्या त्या मोफत जागा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले. चर्चच्या शाळा अल्पसंख्याकांच्या, म्हणून तिथे आरटीईचा ऑनलाइन फॉर्म चालत नाही. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एका पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावे असे म्हटले आहे. तूर्त, तिथे मिळते ती शाळेने स्वतःहून दिलेली सवलत. ती मागताना लाजू नये, आणि ती मिळाली म्हणून मुलाने मान खाली घालून बसावे असेही नाही.

ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे. इतिहासात तिला चांगले मार्क आहेत, गणितात जेमतेम. परवा रविवारी विहारातून परतताना तिने आम्हाला गाठले आणि विचारले, "काका, तुम्ही फॉर्म लिहिता ना? आमच्या जिन्याखाली आता दुसरी एक पोरगी बसते. पाचवीतली. ती आपल्यातली नाही, ताम्हिणीकडची कातकऱ्याची आहे. तिचा बाप सही करत नाही, अंगठा करतो. तिचा अर्ज लिहाल का?"

शनिवारी दुपारी तिच्या बापाला घेऊन यायला सांगितले आहे. फॉर्मची नक्कलही आणायला सांगितली आहे, मागची बाजू धरून.